खालचा पाय

डिंकचं वजन चौतीस किलो आहे, हे क्लिनिकमधल्या काट्याने सांगायच्या आधीच मला माहीत होतं. सकाळी त्याच आकड्यावर मी त्रैराशिक मांडलं होतं.

डिंक हा उर्मिलाताईचा लॅब्रॅडोर. वय नऊ, मागचे सांधे झिजलेले. ताई आणि तिचा नवरा पद्मनाभ एका लग्नासाठी पुण्याला गेले होते, म्हणून मी बिशानमधली माझी भाड्याची खोली सोडून दहा दिवस त्यांच्या ईस्ट कोस्टच्या कॉन्डोतल्या फ्लॅटमध्ये राहत होते. ताईने एकच गोष्ट बजावली होती. काहीही झालं तरी आधी मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

शनिवारी समुद्राकाठी फिरताना डिंक दोनदा खाली बसला. दोन्ही वेळा मी पट्टा ओढला, कारण मला खाण्याच्या गाळ्यांपर्यंत, हॉकर सेंटरपर्यंत जायचं होतं. रविवारी सकाळी तो उठेना. सव्वासात झाले होते, म्हणजे पुण्यात पावणेपाच. एवढ्या पहाटे कशाला उठवायचं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला त्या दोन ओढींबद्दल सांगायचं नव्हतं.

परदेशी निघताना आईने भरून दिलेला औषधांचा डबा माझ्याबरोबर सगळीकडे येतो. त्यात दुखण्यावरचं आयबुप्रोफेन होतं, चारशे मिलिग्रॅमच्या गोळ्या. छप्पन्न किलोंच्या मला एक गोळी, तर चौतीस किलोंच्या डिंकला किती? मी सुरीने गोळीचे पाच सारखे तुकडे केले आणि त्यातले तीन दहीभातातून त्याला दिले. बुओना व्हिस्टाच्या प्रयोगशाळेत मी दिवसभर असली प्रमाणं मांडत असते. कुत्र्याचं शरीर म्हणजे लहान आकाराचं माणसाचं शरीर नव्हे, हे कोणी विचारलं असतं तर मी लगेच सांगितलं असतं. मला कोणी विचारलं नाही.

तासाभराने तो उठला, पण लंगडत होता. मी टॅक्सी बोलावली.

क्लिनिकच्या फॉर्मवर सवयीने नावाआधी ‘डॉ.’ लिहिलं गेलं. डॉक्टर लिम यांनी ते वाचून विचारलं, माणसांच्या का? पॉलिमरच्या, असं मी म्हटल्यावर त्या हसल्या आणि मग माझ्याशी एखाद्या सहकाऱ्याशी बोलावं तशा बोलू लागल्या. डिंकला काही औषध दिलंय का, हेही त्यांनी त्याच सुरात विचारलं. मी नाही म्हणाले. इतकं सहज, की मलाच ते खरं वाटलं.

एवढ्या मोठ्या कुत्र्याला टेबलावर चढवत नाहीत. तिथून त्याने उडी मारली तर दुखणं वाढतं. फराह नावाच्या सहायिकेने जमिनीवर न घसरणारी चटई अंथरली आणि डिंकला अलगद कुशीवर झोपवलं. मला त्याच्या पाठीशी गुडघ्यांवर बसवून तिने माझे हात जागेवर ठेवले. एक हात मानेवरून पुढे, पुढच्या पायापर्यंत. दुसरा कमरेवरून मागच्या पायापर्यंत. दोन्हीकडे धरायचा तो जमिनीलगतचा, खालचा पाय. वरचा धरून उपयोग नसतो, कारण कुत्रा उठतो तो खालच्या पायावर जोर देऊन.

“मॅडम, श्वास घ्या ला,” शेवटी इथल्या बोलीतला ‘ला’ लावत फराह म्हणाली. “पेशंट तो आहे.”

डॉक्टरांनी त्याचा वरचा पाय गुडघ्यात दुमडला, मग खुब्यापासून मागे ताणला. डिंक हललासुद्धा नाही. माझ्या दंडाखाली त्याची मान सैल पडली होती आणि एक डोळा वर, माझ्याकडे होता.

“मला वाटलं होतं त्यापेक्षा दुखणं बरंच कमी आहे,” डॉक्टर म्हणाल्या. एक्स-रेची आज गरज नाही. सूज उतरायचं इंजेक्शन देते, मग घरी न्या. तुम्हाला कळेल, असं म्हणून त्यांनी औषधाचं नाव सांगितलं. मला कळलं. ते माझ्या गोळीच्याच जातीचं होतं. एकावर एक दिलं तर पोट सोलवटतं, मूत्रपिंडं जातात.

त्यांनी सुईचं टोपण काढलं.

“थांबा,” मी म्हणाले. “मी त्याला गोळी दिली आहे. आयबुप्रोफेन, दोनशे चाळीस मिलिग्रॅम. सव्वासात वाजता.”

सुई टोपणात परत गेली. डॉक्टरांचा आवाज चढला नाही. फक्त त्या पुन्हा सहकाऱ्यासारखं बोलल्या नाहीत. सुटे, छोटे प्रश्न विचारत आणि लिहीत गेल्या. त्याला उलटी झाली का? शौचाचा रंग? मग म्हणाल्या की आत्ताची तपासणी धरायची नाही, गोळीचा अंमल उतरल्यावर ती पुन्हा करावी लागेल. तोवर त्याला सलाईनवर इथेच ठेवायचं.

पुण्यात आता साडेसात झाले होते. माझे हात अडकलेले, म्हणून फराहने माझा फोन लावून स्पीकर चालू केला. मी ताईला सगळं सांगितलं. गोळी, डॉक्टरांशी खोटं बोलणं, आणि सगळ्यात शेवटी पट्ट्याच्या दोन ओढी. पलीकडे कुणीतरी चहा घेतेस का म्हणून विचारत होतं.

“मी कितीही वाजता म्हटलं होतं, क्षिप्रा.”

“हो ताई.”

“फोन त्याच्या कानाशी धर.”

फराहने धरला. ताई त्याला हळूच हाक मारू लागली. डॉक्टर त्याच वेळी पुढच्या पायात सलाईनची सुई घालत होत्या. ताईचा आवाज ऐकताच डिंकचं सगळं अंग ताठ झालं आणि माझ्या मुठीतल्या खालच्या पायाने जमिनीवर जोर दिला. त्याला उठायचं होतं.

“हलू देऊ नका,” डॉक्टर म्हणाल्या.

ताई हाका मारत राहिली, आणि मी त्याला दाबून धरलं.