ओरखडे कोणी काढले?

मी एक जुनी निळी मोटार आहे. कोणी हात पुढे केला की मी आधी त्या हातात काय आहे ते बघते. मित्रांनो, मला संशयी म्हणा, पण माझा रंग कागदाहून फार जाड नाही. पत्र्यावर अस्तर, त्यावर निळा रंग आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर. एवढीच माझी कातडी. ती गेली की पत्रा गंजायला मोकळा.

बारा वर्षं मला बाईंनी, म्हणजे मालकांच्या पत्नीने, चालवलं. मालक बाजूला बसायचे आणि रस्ता मोकळा असला तरी "हळू, हळू" म्हणायचे. मला धुणं-पुसणंही बाईच करायच्या. ते कसं करतात हे मालकांनी कधी विचारलं नाही. मग बाई आजारी पडल्या. इस्पितळात त्या माझ्यातूनच गेल्या. परत येताना मालक एकटे होते.

पुढे दोन महिने मी आवारात तशीच उभी होते. एके सकाळी मालक खाली आले, माझ्यावरची धूळ बघून म्हणाले, "तिची गाडी अशी? लाज वाटली पाहिजे मला." वर जाऊन त्यांनी जाड टॉवेल आणला आणि मला कोरडीच पुसायला सुरुवात केली. तेव्हाच मी ओळखलं, आता माझं काही खरं नाही. धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती माझ्या अंगावर गोल गोल फिरत होती. मग रोज सकाळी हेच. टॉवेल खाली पडला की मालक तो झटकायचे आणि पुन्हा पुसायचे. दर रविवारी भर उन्हात भांडी घासायचा साबण लावायचे. बाईंनी लावलेल्या मेणाचा थर त्यानेच धुऊन गेला. पण माणसाची माया उतू जात असेल, तर गाडीने ओरडायचं कुठल्या तोंडाने? आणि हॉर्न तर त्यांच्याच हाती.

महिन्याभरात माझ्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उठल्या. उन्हात त्या दिसल्या आणि मालकांचा चेहरा उतरला. कोणीतरी मुद्दाम करतंय, असं त्यांनी धरूनच टाकलं. आधी मांजरीवर संशय आला. मग झाडूवालीवर. दुपारभर ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पहारा देऊ लागले. शेवटी नजर ठरली ती वरच्या मजल्यावरच्या शिंपी मास्तरांवर, कारण त्यांची सायकल माझ्या शेजारी लागते. बाई गेल्यापासून मालकांकडे रोज संध्याकाळी येऊन बसणारं ते एकच माणूस होतं.

"मास्तर, सायकल इथे नका लावत जाऊ."

"का रे? बारा वर्षं इथेच लागते."

"बारा वर्षं ओरखडे नव्हते."

"म्हणजे मी काढले?"

"मी नाव घेतलं का कोणाचं?"

"घ्यायचं राहिलंय काय! वहिनीच्या गाडीला मी नख लावीन?"

मास्तरांनी सायकल उचलली आणि ते गेले. त्या संध्याकाळी ते आले नाहीत. दुसऱ्याही नाही. मालक खाली येऊन माझ्यात बसायचे, काचा वर करून, कुठेही न जाता.

आठवड्याने ते मला गॅरेजात घेऊन गेले. तिथला रंगारी जाडजूड आणि तोंडाने फटकळ. त्याने मला उन्हात उभं केलं, वाकून पाहिलं.

"काका, हे सायकलचं काम नाही. सायकलची रेघ सरळ आणि खोल येते. हे सगळं गोल गोल आहे. गाडी पुसतं कोण?"

"मीच. रोज सकाळी."

"पाणी मारून?"

"कोरडीच. चांगला घासून पुसतो."

"मग चोर घरातच आहे की!" तो हसला, पण मालकांचं तोंड बघून गप्प झाला. मग त्याने नीट समजावलं. आधी नुसतं पाणी सोडून धूळ वाहू द्यायची. गाडीचाच साबण घ्यायचा. दोन बादल्या ठेवायच्या, एकीत साबण, दुसरीत फडकं खळबळायला. वरून खाली यायचं, सावलीत, पत्रा गार असताना. खाली पडलेलं फडकं पुन्हा लावायचं नाही. कोरडी झाली की मेणाचा पातळ हात.

"या रेघा जातील?"

"बऱ्याचशा जातील. सगळ्या काढत बसलो तर रंगच उरणार नाही. थोड्या असू द्या."

मालक घरी आले ते थेट मास्तरांच्या दारात गेले. तिथलं बोलणं मला ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र दोघेही खाली उतरले. मास्तरांच्या हातात मऊ कापडाचे तुकडे होते.

"शिवण उसवून आणलंय," मास्तर म्हणाले. "दोऱ्याचा कडक काठ रंगाला लागतो. आणि हे बघ, माफी एकदा मागितलीस, पुरे. रोज रोज मागून मला पण घासू नकोस."

मालकांनी पाण्याची नळी मास्तरांच्या हातात दिली.

मित्रांनो, धूळ साचली तर मी सोसते. पण माया करायची असेल, तर ती कशी करायची हे आधी कोणाला तरी विचारा. आणि ओरखडा दिसला, तर दुसऱ्याचं दार ठोठावण्याआधी आपल्या हातातलं फडकं उलटून बघा. रंग पुन्हा देता येतो. मास्तर पुन्हा खाली आले, हे मालकांचं नशीब.