पिटुकलीच्या घामातले मीठ

मित्रांनो, मी घामातले मीठ मोजणारी एक जुनी पेटी आहे. आकार जेवणाच्या डब्याएवढा, वर आकडे दाखवणारी छोटी काच आणि पोटातून निघालेल्या दोन वायरी. रूप बेताचेच. पण आजवर मी एकाही मुलाला सुई टोचलेली नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या एक बाई भिंगातून बघत माझ्या तारा जोडायच्या. हात इतका हलका, की मला गुदगुल्या व्हायच्या. मी तयार झाले तेव्हा मला तपासायला घाम हवा होता. म्हणून एक इंजिनीअर तीन जिने धावत चढला, उतरला आणि धापा टाकत माझ्यासमोर येऊन बसला. त्या बाई म्हणाल्या, "अहो, घाम आणायचं काम पेटी स्वतःच करते. त्यासाठीच तर बनवली आपण!" सगळा कारखाना पोट धरून हसला.

माझे काम असे चालते. मुलाच्या हातावर औषधाच्या दोन चकत्या बांधतात. मी पाच मिनिटे अगदी मंद वीज सोडते. मुंग्या आल्यासारखे वाटते, बस्स. मग चकत्या काढून तिथे घड्याळासारखी एक डबी बांधतात. अर्ध्या तासात तिच्या बारीक नळीत घाम झिरपतो आणि मी त्यातले मीठ मोजते. आकडा तीसच्या आत आला तर बहुधा काळजी नसते. साठच्या वर गेला तर मात्र सिस्टिक फायब्रोसिस नावाचा आजार असण्याची दाट शक्यता असते. या आजारात शरीरातले पातळ स्राव चिकट होतात. छातीत कफ साचतो, अन्न पचत नाही, आणि घाम फार खारट होतो.

कारखान्यातून मी मुलांच्या एका दवाखान्यात आले. तिथल्या प्रयोगशाळेत ज्या बाई तपासण्या करायच्या, त्यांना सगळे पुन्हाबाई म्हणत. कोणताही आकडा आला की त्या म्हणायच्या, "पुन्हा एकदा बघू." नळ बंद केला तरी पुन्हा जाऊन बघायच्या. रडत आलेल्या मुलांना त्या माझ्याजवळ बसवून सांगायच्या, "घाबरू नकोस रे राजा, ही पेटी म्हणजे गरीब गाय आहे."

पुढे मोठी यंत्रे आली. रक्ताच्या एका नळीवरून ती वीस-वीस गोष्टी सांगायची. मी शोधते तो आजार तसा विरळा, त्यामुळे महिनेन्महिने माझी आठवण कोणाला होईना. मी कपाटाच्या माथ्यावर गेले. माझ्यावर खोकी आली, खोक्यांवर धूळ आली. प्रयोगशाळेचे नवे साहेब म्हणायचे, "भंगारात द्या ती." पुन्हाबाई "देते हो" म्हणायच्या, आणि दर महिन्याला शिडी लावून वर चढायच्या. माझ्या बॅटऱ्या बदलायच्या आणि मोजून केलेले मिठाचे पाणी देऊन माझा आकडा बरोबर येतो का ते बघायच्या. त्या दहा मिनिटांची मी महिनाभर वाट पाहायचे.

एके दिवशी सकाळी पिटुकली आली. दीड वर्षाची, पण सात महिन्यांच्या बाळाएवढी. बरोबर आई होती, घरांना रंग देणारे बाबा होते आणि बाबांची आई होती. रक्ताचे रिपोर्ट घ्यायला ते आले होते. रिपोर्टमध्ये काहीच दोष सापडला नव्हता. आणि तिथेच घोडे अडले. पोरीत दोष नाही म्हटल्यावर तो आईच्या माथी आला.

"बघा, पोरीला काही झालेलं नाही," आजी बाकावरून म्हणाली. "हिलाच सांभाळता येत नाही. चार-चार वेळा खाते पोर, ते जातं कुठं? आंघोळ तरी धड घालते का ही? पापा घ्यावा तर कपाळ खारट लागतं!"

"आई, राहू दे ना," रंगारी म्हणाला. पण तोही बायकोकडे बघत नव्हता. ती मान खाली घालून पिटुकलीचे टोपडे नीट करत राहिली.

खिडकीतून रिपोर्ट देणाऱ्या पुन्हाबाईंचा हात थांबला. "आजी, काय म्हणालात? खारट लागतं? रोज?"

"रोज! आंघोळ होऊन तास झालेला नसला तरी."

पुन्हाबाई तडक पिटुकलीला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेल्या आणि येताना शिडीच घेऊन आल्या.

पिटुकलीचा हात इतका बारीक होता, की माझा पट्टा शेवटच्या भोकातही सैल पडला. अर्धा तास झाला, पण नळीत घाम जेमतेम जमला. मोजायला पुरेना.

"सोडून द्या," साहेब म्हणाले. "काही आढळलं नाही असं लिहा. एवढ्याशा पोरीला कशाला छळायचं?"

"साहेब, आढळलं नाही आणि बघताच आलं नाही, यात फरक आहे," पुन्हाबाई म्हणाल्या.

तेव्हा पिटुकलीची आई पहिल्यांदा बोलली. "मी थांबते. लागेल तेवढा वेळ थांबते."

पिटुकलीला पाणी पाजले. ब्लँकेटमध्ये गुंडाळून आईने तिला कडेवर घेतले आणि दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. मग दुसऱ्या हातावर चकत्या बांधल्या. खरे सांगते, त्या अर्ध्या तासात मलाच घाम फुटायचा बाकी होता. या वेळी घाम पुरेसा आला. काचेवर आकडा उमटला: अठ्ठ्याण्णव. पुन्हाबाईंनी मला मिठाच्या पाण्याने तपासले. मी चुकत नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले. शहाण्णव.

बरोबर सांगितल्याचा आनंद मानावा, तर सांगितले ते असे.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर बसवले. "हा आजार जन्मापासूनचा आहे. आईबाबा दोघांकडून मिळून आलाय. दोघांनाही ते कळायला मार्ग नव्हता. पोरीला खाल्लेलं पचतच नाही. कितीही भरवलं असतं, तरी हेच झालं असतं."

"बरी होईल?" रंगाऱ्याने विचारले.

"आजार मुळापासून जात नाही. पण औषधं आहेत, काळजी घेता येते. आपल्याला लवकर कळलंय."

"आणि ते खारट?" आजीने विचारले.

"तीच तर आजाराची खूण. शंभरदा आंघोळ घातलीत तरी राहणार."

आजीने पदराने तोंड पुसले. मग सुनेकडे वळून ती हळूच म्हणाली, "वर्षभर बोलले गं तुला."

"तुम्ही बोललात म्हणून तर कळलं, आई," सून म्हणाली. आणि इतके दिवस धरून ठेवलेले रडू तिने सासूच्या खांद्यावर मोकळे केले. रंगारी उठला आणि दोघींच्या मध्ये अडकलेल्या पिटुकलीला त्याने अलगद सोडवून घेतले.

आता पिटुकली नऊ वर्षांची आहे. मधे दोनदा ती बरीच आजारी पडली, दवाखान्यात राहिली. जेवताना ती औषध घेते. कफ सुटावा म्हणून रोज सकाळी तिच्या पाठीवर थापट्या द्याव्या लागतात. ते काम आजी कोणालाच करू देत नाही. "जन्मभर धुणं बडवून हात तयार झालाय माझा," असे ती सांगते. पिटुकली उंचीने अजून लहानच आहे, पण बडबड मात्र दोघींची एकटीच करते.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. जुने यंत्र बाजूला ठेवाल तेव्हा त्याच्या बॅटऱ्या काढून ठेवा आणि अधूनमधून त्याची धूळ पुसा. बिघडले नसेल तर त्याला निकामी म्हणू नका. आणि एखादे मूल खाऊनपिऊनही वाढत नसेल, सारखे खोकत असेल, तर लगेच त्याच्या आईकडे बोट दाखवू नका. ते बोट मुलाच्या मुठीत द्या आणि त्याला दवाखान्यात घेऊन चला.