गळ्याची आण

“अंबू, माज्या गळ्याची आन घे. मी येनार न्हवं परत?”

साताऱ्याच्या बंगल्याच्या पायरीवर उभा राहून जान असं म्हणाला होता. पोर गोरंपान, पण बोली आष्ट्याची; कारण त्याला बोलायला शिकवलं ते आष्ट्याच्या अंबूबाईनं. तिनं बेधडक त्याच्या गळ्याला हात लावला. साहेब आणि मडमबाई फर्लोच्या रजेवर मायदेशी निघाले होते, वर्षभरात परतणार होते. आण घ्यायला अडचण ती कसली?

वर्षानं साहेब आले, मडमबाई आल्या. जान आला नाही. मिशनच्या लोकांची रीतच तशी. पोर जाणतं झालं की त्याला तिकडच्या शाळेत आपल्या माणसांत ठेवून यायचं. हे अंबूबाईला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. आणि खोटी आण ज्याच्या गळ्यावर घ्यावी त्यालाच ती लागते, हे तर तिच्या हाडीमांसी रुजलेलं. तेव्हापासून विलायती टपाल आलं की ती आधी एकच विचारायची, जान धड हाय न्हवं? लढाई पेटली तशी तिनं जानच्या नावानं शनिवार धरले. जान धड राहिला. मराठी तेवढी विसरला, आणि त्याच्या पत्रांतून अंबूचं नाव पिकल्या पानासारखं कधी गळून गेलं ते कुणाला कळलंही नाही.

मधल्या काळात साहेबांची बदली सांगलीला झाली. जानची धाकटी बहीण रूथ जन्मली ती सांगलीतच. तीही अंबूबाईच्याच मांडीवर वाढली, जात्याच्या घरघरीत निजली.

दूरदेशीचा पाव्हणा, माज्या मांडीला निजला
त्येच्या घामाच्या थेंबानं, माजा पदर भिजला

ही ओवी जानसाठी जुळली होती; रूथ ती आपलीच समजायची.

लढाई सरली, बोटी मोकळ्या झाल्या आणि फर्लोचं पुन्हा ठरलं. बंगल्यात ट्रंका उघडल्या. आचारी तात्याबा थट्टा करायचा, ही पोरगी बोटीवरच्या कप्तानाला बी ‘काय रं गड्या’ म्हणंल. रूथ खिदळायची. अंबूबाईलाही हसू यायचं, पण एके दुपारी ते ओठातच विरलं. शिंप्यानं शिवून आणलेले लोकरी झगे ती घड्या घालून ठेवत होती. पहिला रूथच्या मापाचा. त्याखालचा थोडा मोठा, त्याखालचा आणखी मोठा. शेवटचा झगा तिनं उभा धरला तर तो तिच्याच खांद्याला लागला. वर्षभरात एवढी का कुठं पोर वाढते?

मडमबाई दारात उभ्या होत्या. त्या ट्रंकेवर बसल्या आणि आपल्या पुस्तकी मराठीत सगळं बोलल्या. रूथही तिकडेच राहील, जान आहे, मावशी आहे. इथं ठेवली तर मोठेपणी ती ना इथली राहील ना तिथली. साहेबांनी ठरवलं आहे. मग त्यांनी अंबूबाईचा हात धरून विनवलं, तिला इतक्यात सांगू नका, बोटीवर मी सांगेन. अंबूबाईनं हातातल्या झग्याची घडी घातली. आईच्या पुढं दाईनं काय बोलायचं?

निघायच्या सकाळी मोटार दारात आली आणि रूथ दिसेना. माळी विहिरीकडं धावला, तात्याबानं कोंबड्यांचं खुराडं पाहिलं. अंबूबाई मात्र सरळ आपल्या खोलीत गेली. रूथ जात्याचा खुंटा दोन्ही हातांनी धरून बसली होती. बूट काढून टाकले होते.

“मी न्हाई येत. जान बी वर्सासाठीच गेलता.”

अंबूबाई तिच्याजवळ टेकली. केसांवरून हात फिरवला, बोटीत मासं दिसतील म्हणाली, बर्फ दिसंल म्हणाली. पोरीनं ते सगळं ऐकून घेतलं. मग तिनं अंबूबाईचा हात ओढून आपल्या गळ्यावर ठेवला.

“माज्या गळ्याची आन घे, अंबू. मी परत येनार?”

हाताखाली नाडी उडत होती, चिमणीच्या उरासारखी. विस्तव लागावा तसा अंबूबाईनं हात काढून घेतला.

मागं मडमबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. मोटारीचा भोंगा वाजला. साहेबांची हाक आली, गाडी चुकेल. मडमबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “अंबूबाई, सांगा तिला. हा केवळ समज आहे. देव अशा शब्दांसाठी लेकरांना शिक्षा करत नाही.”

“मग तुमीच लावा की हात, बाई,” अंबूबाई म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच वाटलं, ह्यांचा देव निराळा, ह्यांचा हात चालेल. पोर सुखानं गाडीत तरी बसेल.

मडमबाई शेणानं सारवलेल्या भुईवर गुडघे टेकून बसल्या. प्रवासाचा स्वच्छ झगा मळला. त्यांनी हात पुढं केला. रूथनं मान वर करून गळा पुढं केला, निमूट, शहाण्यासारखी. बोटं गळ्याच्या अगदी जवळ गेली आणि तिथंच थांबली. साऱ्या जन्मात ज्या बाईनं कधी आण घेतली नव्हती, आण घेणं पाप म्हणून इतरांना शिकवलं होतं, तिचा हात त्या चार बोटांच्या अंतरावरून पुढं सरकेना. मागंही येईना.

भोंगा पुन्हा वाजला. रूथ आईच्या हाताकडं पाहत होती, अंबूबाई भुईकडं.

अखेर मडमबाईंनी हात खाली घेतला आणि जात्यावर टेकवला. मग कधी नव्हे ते पुस्तकातलं सोडून लेकीच्याच बोलीत त्या म्हणाल्या,

“न्हाई गं, रूथ. तू न्हाई येनार परत.”