काढलं तर पडेल का?

फुंकरसाहेबांनी आर्किटेक्ट म्हणून आयुष्यभर एकच प्रश्न विचारला: "हे काढलं तर पडेल का?" नकाशावर बोट ठेवून विचारायचे, आणि हाताखालचा माणूस "नाही" म्हणाला की तिथे काट मारून मोकळे व्हायचे. अशाने त्यांच्या इमारतींचे खांब बारीक होत गेले, भिंती सरकत्या झाल्या, आणि एक अख्खं वाचनालय तर सुटं करून ट्रकमधून दुसऱ्या गावी नेऊन उभं करता आलं. "फुंकर मारली तर उडेल हो," असं कुणीतरी चेष्टेने म्हणालं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. साहेबांना राग नव्हता. उलट मनातून गुदगुल्याच व्हायच्या.

घरात मात्र या प्रश्नाने बायकोच्या नाकी नऊ आणले होते. स्वयंपाकघराचं दार गेलं, खुर्च्यांचे हात गेले, एकदा तर कपाटाचे खणही गेले. बाई शिवणकाम करणारी. शिलाईसाठी जास्तीचं कापड सोडावं लागतं हे जाणणारी. ती निमूटपणे खण परत बसवून घ्यायची आणि लेकीला फोनवर सगळं रंगवून सांगायची.

मग ती न्हाणीघरात घसरली. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, पण जिना चढणं-उतरणं सुटलं ते कायमचं. घर वरच्या मजल्यावर, खाली भाड्याने दिलेला छापखाना, समोर रिकामं अंगण. जिच्या हातचे कपडे घालून निम्मी गल्ली हिंडत होती, ती बाई आता खिडकीतून लोकांची डोकी बघत बसायची.

"आई, माझ्याकडे चल," लेक म्हणाली. "लिफ्ट आहे. एक पलंग बसेल तेवढी खोली आहे. बाबा येऊन-जाऊन राहतील."

येऊन-जाऊन! तिच्याशिवाय या घरात एकट्याने उठायचं, एकट्याने चहा करून प्यायचा, ही कल्पनाच फुंकरसाहेबांना सोसेना. पण असं तोंडाने बोलण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांना बांधता यायचं.

"महिनाभर थांब," ते बायकोला म्हणाले. "तुला खाली आणतो."

महिनाभर त्यांनी अंगण डोक्यावर घेतलं. बांधायची होती चाकांवरची खोली. सकाळी उन्हात, दुपारी झाडाखाली, संध्याकाळी फाटकापाशी, म्हणजे बाईंना गल्लीशी गप्पा मारता येतील. आणि साहेबांना एका हाताने ढकलता आलीच पाहिजे. सामान तोलायचा आकड्याचा काटा खिशात घेऊन ते फिरत. बायकोची उशी तोलली, पाण्याचा तांब्या तोलला, चष्म्याचं घरसुद्धा तोललं. वेल्डरने एक नळी जास्त लावली तर लगेच बोट ठेवायचे: "काढली तर पडेल का?" वेल्डरने शेवटी हात टेकले. भिंतींचं कापड बाईंनी वर बसल्या बसल्या शिवून दिलं.

लेक आणि जावई आले त्या दिवशी बाईंना खुर्चीत बसवून खाली उतरवलं. साहेबांनी खोलीला तळहात लावला आणि खोली बाईंसकट फाटकाकडे निघाली. बाई लहान मुलीसारख्या खिदळल्या. गल्लीतले दोघे-चौघे थांबले. "अहो, हळू! बाहेर नेताय की काय मला?"

"खरंच छान झालंय, बाबा," लेक म्हणाली. "मग आई इथेच राहणार."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. बाई पलंगावर टेकल्या. कापडावरून हात फिरवला, खिडकी उघडली, मिटली. मग इकडे तिकडे बघितलं. एक पलंग, एक खुंटी, एक फळी.

"आणि तुमचं अंथरूण?"

"माझं? मी वरच. मला जिना चढता येतो की." त्यांनी उशाजवळची घंटा दाखवली. "ही वाजवलीस की आलोच खाली."

बाईंनी घंटा उचलून फळीवर दूर ठेवली.

"माझी बॅग भर गं," त्या लेकीला म्हणाल्या. "मी येते तुझ्याकडे."

साहेब घाईने पुढे झाले. "अगं, ऐक तरी! दुसरा पलंग टाकला की तळ जाड करावा लागतो. तळ जाड केला की चाकं मोठी, आस मोठा. मग ती एका माणसाला ढकलवणार नाही. आणि मीच आत असलो तर ढकलणार कोण?"

"एकटीच राहायचं तर लिफ्टवाल्या घरात काय वाईट? तिथे निदान लेक तरी आहे." बाई म्हणाल्या. "अहो, जन्मभर सगळ्या वस्तूंना विचारलंत. आता स्वतःवर बोट ठेवून विचारा की."

साहेबांचा हात आपसूक छातीकडे गेला.

"मला... काढलं तर पडेल का?"

"पडेल," बाई म्हणाल्या. "एवढंसुद्धा कळू नये का हो तुम्हांला?"

जावई झाडाकडे बघू लागला. लेकीने डोळे पुसले आणि बॅग काही भरायला गेली नाही. फुंकरसाहेबांनी काटा खिशातून काढून छापखान्याच्या पायरीवर ठेवला आणि वेल्डरला फोन लावला. "नळ्या आण," म्हणाले. "जाड. आणि भरपूर."

वेल्डरला वाटलं, नंबर चुकला.

पुढच्या खेपेला लेक आली तेव्हा खोली फाटकापाशी उभी होती. जागा बाईंनी निवडली होती. आत दोन पलंग, शिवणयंत्र, हात असलेल्या दोन खुर्च्या आणि खणांचं कपाट. चाकं मातीत रुतली होती. लेकीने आधी एका हाताने ढकलून पाहिलं, मग दोन्ही हातांनी.

"बाबा, आता ही कुठेच जायची नाही."

"नाही ना?" म्हणत फुंकरसाहेब बाहेर आले. खात्री करायला त्यांनी स्वतः खांदा लावला, सगळा जोर काढून ढकललं. खोली जागची हलली नाही.

"चांगलं झालं," ते म्हणाले, आणि धापा टाकत आत जाऊन बायकोशेजारी बसले.