बसवलंय

"कुसुमताई, या सुयांचं मी करू काय? गोधडी शिवू?"

यशवंतरावसाहेबांनी काचेची बशी माझ्यापुढे सरकवली. साल १९५७. पिंपरीच्या औषध कारखान्यातल्या संशोधन विभागाचे ते प्रमुख, आणि विभागातली एकुलती एक बाई मी. एका नव्या औषधाचे रेणू एकमेकांना कसे धरून राहतात, हे मला शोधायचं होतं. त्यासाठी पुण्याच्या क्ष-किरण यंत्राखाली ठेवायला चांगला जाड स्फटिक हवा होता. माझे रेणू मात्र फक्त टोकांनाच चिकटत आणि केसासारख्या बारीक सुया तयार होत.

"दसऱ्यापर्यंत बघू," साहेब म्हणाले. "नाहीतर हे काम बंद. तुम्ही बाटल्या तपासायच्या टेबलावर."

म्हणजे जन्मभर बाटली उजेडात धरायची आणि आत कचरा आहे का ते बघायचं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारखान्यातली यंत्रं जमीन हादरवत होती. स्फटिकाला निवांतपणा लागतो, म्हणून औषध स्पिरिटमध्ये विरघळवून मी सरळ घरी नेलं. पिंपळे गुरवला सोजराबाईंच्या घरात माझी भाड्याची खोली होती. त्यांच्या माजघरातल्या कोनाड्यात बशी ठेवली, वर भोकं पाडलेला कागद झाकला आणि बाईंना बजावलं, "मावशी, हे इथं बसवलंय. दसऱ्यापर्यंत अजिबात हलवायचं नाही."

"न्हाई हलवत, बया," त्या हात जोडून म्हणाल्या. हात कशाला जोडले, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

चार-पाच दिवस मी बशीकडे फिरकलेच नाही. अष्टमीला सकाळी कागद उचलला आणि किंचाळले. द्रावण पिवळंजर्द झालं होतं. काचेच्या कडेला कुंकवाची बोटं, शेजारी झेंडूचं फूल.

"मावशी! यात हळद कुणी टाकली?"

"मी. रोज वाहते."

"पण का?"

"आता गं! तूच म्हणलीस न्हवं, बसवलंय म्हणून? दसऱ्यापातुर हलवायचं न्हाई म्हणून? आमी घट बसवला, तू तुझा देव बसवलास. बसवल्याला हळद वाहायची न्हाई तर काय, तोंडाकडं बघत बसायचं?"

स्पिरिटशेजारी समई लावली नव्हती, हेच नशीब. मी रडकुंडीला आले होते. निदान बशी तरी धुवावी, म्हणून ती खिडकीशी नेली.

तळाशी सुया नव्हत्याच. खडे होते, तांदळाएवढे जाड आणि स्वच्छ. भिंग लावलं. पिवळा रंग खड्याच्या दोन टोकांवरच होता, मधला भाग पाण्यासारखा नितळ. हळदीतलं काहीतरी टोकांवर ठाण मांडून बसलं होतं. लांबीची वाट अडली, तेव्हा स्फटिक रुंदीला वाढला. मी सोजराबाईंना कडकडून मिठी मारली. त्यांना वाटलं, पोरीच्या अंगात वारं आलं.

कारखान्याच्या वाटेवर मात्र वेगळाच हिशेब सुरू झाला. हळद म्हटलं तर सगळा विभाग हसणार. काहीतरी भारदस्त रसायनाचं नाव ठोकून द्यावं का? साहेबांपुढे उभी राहिले तेव्हा ते नाव जिभेवर तयार होतं.

साहेब बराच वेळ भिंगातून बघत राहिले. "काय घातलंत यात?"

"हळद," मी म्हणाले. "घरमालकिणीला वाटलं, मी देव बसवलाय."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब हसले नाहीत.

"हळदीतलं नेमकं काय चिकटतंय?"

"माहीत नाही, साहेब."

"टोकांनाच का?"

"तेही माहीत नाही."

त्यांनी बशी दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. "मग लागा शोधायला. बाटल्या बघायला दुसरं कुणीतरी मिळेल."

लागोपाठ दोनदा 'माहीत नाही' म्हणून काम टिकवणारी त्या कारखान्यात मी पहिलीच असेन. मला इतका आनंद झाला, की साहेबांचे आभार मानायचेही राहून गेले.