सिंधुबाईंचा हात आणि हिरवी वेबसाइट

वेबसाइट बनवून देऊन तिची 'वास्तू'ही बघणाऱ्या ओमगुरुजींचा हिशेब साधा होता. फूल-भाजी उत्पादक संघाच्या वेबसाइटचा रंग बदलायचे दर खेपेला अडीच हजार. दसरा, दिवाळी, संक्रांत धरून वर्षाला आठ-दहा खेपा. वर आता 'वेबवास्तू शांती'चे एकवीस हजार. आणि सिंधुबाईंना कचेरीतून घालवलं, की हे उत्पन्न तहहयात.

म्हणून त्या सोमवारी मखमलाबाद रस्त्यावरच्या संघाच्या कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. साल २००७. भिंतीवर प्रोजेक्टरने संघाची साइट दाखवलेली, अंगभर लालभडक. झेंडूवाले, कोथिंबीरवाले माना उंचावून बघत होते.

"मंगळ कोपलाय!" गुरुजी गरजले. "सर्व्हरमध्ये शनी, होमपेजवर राहू. ऑर्डरी येतील कशा? सिंधुबाई, करा हिरवी. बघू तुमचा हात."

सिंधुबाई संघाच्या टायपिस्ट. नवरा वारल्यापासून याच पगारावर घर चाललेलं. त्यांनी साइटच्या अॅडमिनमध्ये जाऊन रंगाच्या रकान्यात हिरवा भरला, सेव्ह केलं. भिंत लालच.

गुरुजींनी हात शालीत घेतले, डोळे मिटले आणि "ॐ वेबाय नमः" अकरा वेळा म्हटलं. मग म्हणाले, "रिफ्रेश!"

भिंत हिरवीगार.

"आगं बया!" कुसाबाई झेंडूवाली ओरडली. "ह्यो तर देवमाणूस हाय!"

"विधवेच्या हाताला लक्ष्मी टिकत नाही," गुरुजी हळूच म्हणाले, पण शेवटच्या रांगेला ऐकू जाईल इतकंच हळू.

संघाचे अध्यक्ष बहिरूशेठ जमिनीकडे बघत बोलले, "बाई, शांती होईस्तोवर कम्प्युटरला हात लावू नका. तीन आठवडे कोथिंबिरीच्या जुड्या मोजा, अर्ध्या पगारावर. पुढं ठेवायचं की नाय, मग बघू."

महिनाभरापूर्वी याच बाईंनी शेठना सुचवलं होतं, "रंग बदलायला गुरुजी कशाला? आपल्याच अॅडमिनमध्ये रंगाचा रकाना आहे. बदल मी करीन, फुकट." शेठनी ते भोळेपणाने गुरुजींच्या कानावर घातलं. मंगळ कोपला तो तेव्हापासून.

सिंधुबाई जुड्या मोजू लागल्या. रोज बोलणाऱ्या बाया त्यांच्या हातून बाजारभावाची चिठ्ठी घेईनात. रडू आलं नाही, डोकं तापलं. त्या सायबर कॅफेत गेल्या आणि साइटच्या पानाचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडला. तो कुणालाही उघडता येतो, उपास करावा लागत नाही. तिथे गोम सापडली. साइट रंगांच्या दोन याद्या वाचत होती. पहिली अॅडमिनमधली. तिच्या मागून दुसरी, बाहेरच्या फाइलमधली, आणि ती फाइल होती गुरुजींच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर. दोन याद्यांचं जमलं नाही की मागून आलेली जिंकते. बाईंनी हिरवा भरला तरी गुरुजींची फाइल त्यावर लाल ओतत होती.

पण डोळे मिटून बसलेला माणूस फाइल बदलतो कसा? बाईंना शालीतले हात आठवले.

शांतीच्या दिवशी भिंत पुन्हा लाल. बहिरूशेठनी चेकबुक काढलं, तशा बाई पुढे आल्या.

"शेठ, आधी गुरुजींचा मोबाइल टेबलावर ठेवा."

"यंत्राला धातू लागतो!" गुरुजी दचकले.

"आमचे बी मोबाइल ठेवतो की," कुसाबाई म्हणाली आणि शालीत हात घालून तिने गुरुजींचा मोबाइल बाहेर काढला.

अकरा वेळा जप झाला. लाल. एक्कावन्न वेळा झाला. लालच. तेवढ्यात टेबलावरचा गुरुजींचा मोबाइल वाजला. शेठनी स्पीकर लावला.

"सर, मिसकॉल नाही आला अजून. हिरवी फाइल टाकू का?"

सिंधुबाई कम्प्युटरपुढे बसल्या. बाहेरच्या फाइलला बोलावणारी ओळ काढली, हिरवा भरला, सेव्ह केलं. भिंत हिरवी झाली. जप नाही, शाल नाही.

"बाहेर फाइल ठेवणं हे पाप नाही," त्या म्हणाल्या. "मोठ्या साइटींना ते सोयीचंच पडतं. पण तिची किल्ली कुणाकडे आहे, हे विचारायला नको?"

गुरुजी चपला न घालताच जिना उतरले.

"बाई, झालं गेलं विसरा," शेठ पुटपुटले.

"मी विसरीन, शेठ. तुम्ही विसरू नका. मंत्राने रंग बदलला तेव्हा 'कसा?' म्हणून एकानेही विचारलं नाही. बाई विधवा म्हटल्यावर मात्र सगळ्यांना लगेच पटलं. पुढच्या वेळी कुणी डोळे मिटले, तर तुम्ही उघडे ठेवा. आणि त्याचे हात बघा."

गुरुजींनी शांतीपोटी आगाऊ घेतलेले पाच हजार परत आले नाहीत. ते संघाने सोसले; पाचशे सभासदांच्या वाट्याला दहा-दहा रुपये. अर्धा पगार आणि एकवीस दिवसांच्या फिरवलेल्या नजरा, एवढं सगळं एकट्या सिंधुबाईंनी भरलं.