साहेबांना जमलेलं वाक्य

मोठ्या कंपन्यांतल्या साहेबलोकांना माणसांशी नीट कसं बोलावं हे शिकवणं, हा माझा धंदा. सल्लागार म्हणतात आम्हाला. आमचे स्वतःचे साहेबही माझ्या शिबिराला पहिल्या रांगेत बसले होते.

आज सकाळी कळलं, की ज्या कारखान्याच्या कामासाठी मी वर्षभर जिवाचं रान केलं, ते आता माझ्या हाताखालचा माणूस सांभाळणार. कारण काय, तर मालकांना मी जरा कडक वाटते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

"कामगारांचं म्हणणं मी मालकांना जसंच्या तसं सांगितलं, म्हणून मी कडक? खरं वागा, हे तर आपणच शिकवतो ना लोकांना? निदान तुम्ही तरी माझी बाजू घ्यायची होती."

साहेबांनी मोबाइल पालथा ठेवला. किंचित पुढे झुकले. मनातल्या मनात तीनपर्यंत मोजलं, ते मला त्यांच्या ओठांवर दिसलं. मग म्हणाले, "तुम्हाला डावलल्यासारखं वाटतंय, हे मला समजतंय."

शब्दन् शब्द माझा होता. शिबिरात मीच त्यांच्याकडून घोटून घेतला होता, आधी तीनपर्यंत मोजण्यासकट.

"समजतंय, तर निर्णय बदला."

पुन्हा ओठ हलले. "तुम्हाला राग आलाय, आणि तो स्वाभाविक आहे."

साहेब पेपर सोपा गेल्यासारखे खुलले.

"जमलं ना मला?"

"जमलं," मी म्हटलं. "फक्त मोजताना ओठ हलवू नका."